मंत्रिमहोदय, ऑक्सिमीटर आठवतो ना?

प्रति,
मा. डॉ. जितेंद्र सिंह,
केंद्रीय राज्यमंत्री, अंतराळ विभाग, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

राजकारणात येण्यापूर्वी आपण मधुमेहाचे डॉक्टर होतात, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होतात. म्हणून दूरच्या ग्रहांची हवा तपासणारी दुर्बीण आकाशात पाठवा, असे सांगणारे हे पत्र बोटापासून सुरू करतो. करोनाच्या लाटेत घरोघरी ऑक्सिमीटर आला. बोट चिमट्यात घालायचे आणि आकडा चौऱ्याण्णवच्या खाली दिसला की पोटात गोळा. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडायचे आणि कोणता किती अडला ते मोजायचे. त्यातही नाडीच्या ठोक्यासरशी जेवढा प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच जमेस धरायचा. हाडाने, कातडीने अडवलेला सोडून द्यायचा. हे आपल्याला मी काय सांगावे!

दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची हवा तपासण्याची एक मुख्य रीत अगदी अशीच आहे. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेवरच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. पाण्याची वाफ एका रंगावर हात मारते, सोडियम दुसऱ्यावर. ग्रह समोर असतानाचा वर्णपट (म्हणजे रंगारंगांत वेगळा केलेला प्रकाश) आणि नसतानाचा वर्णपट, यांच्या वजाबाकीतून हवेचा पत्ता लागतो. फरक एवढाच की इथे रुग्णाचे बोट अनेक प्रकाशवर्षे दूर आहे. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश शेकडा एकाने कमी करतो, पृथ्वीएवढा ग्रह दहा लाखांत जेमतेम ८४ भागांनी. हवेची खूण त्याहूनही बारीक.

जमिनीवरून आपल्या लोकांनी काही कमी केलेले नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावर ‘पारस’ नावाचा वर्णपटमापक बसवला. २०१८ साली त्यातून सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या, पृथ्वीच्या २७ पट वजनाच्या ग्रहाचा शोध जाहीर झाला. पुढे अडीच मीटरची दुर्बीण आली, ‘पारस-२’ आला, आणखी ग्रह सापडले. पण या यंत्रांनी ग्रहाचे वजन कळते, हवा नाही. शिवाय पावसाळ्यात गुरुशिखरावरचे काम बंद असते. आकाश निरभ्र असले तरी डोक्यावर आपल्याच हवेतली वाफ असतेच. परक्या ग्रहावरची वाफ आपल्या वाफेतून शोधायची म्हणजे चहाच्या वाफेने धुरकटलेल्या चष्म्यातून धुके बघण्यासारखे. दुर्बीण वर न्यावीच लागते.

आता मुद्दा. २०२३ च्या अखेरीस इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी बाह्यग्रहांची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची, वातावरणे तपासणाऱ्या ‘एक्सोवर्ल्ड्स’ या मोहिमेचा जाहीर उल्लेख केला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने चांद्रयान-४, शुक्र मोहीम, अंतराळ स्थानकाचा पहिला भाग आणि नवे प्रक्षेपक यांना मंजुरी दिली. आनंद झाला. पण त्या यादीत एक्सोवर्ल्ड्स नव्हते. माझी मागणी पैशांच्या आधी निर्णयाची आहे. आपल्याकडे प्रकल्प ‘नाही’ म्हणून क्वचितच मरतात, ‘विचाराधीन’ राहूनच म्हातारे होतात. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला २०१६ साली तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि खर्चाची मंजुरी २०२३ साली. अणुऊर्जा विभागही आपल्याकडेच आहे, तेव्हा ती फाइल आपण पाहिली असेलच.

‘जेम्स वेब ही अंतराळ दुर्बीण असताना आपण काय वेगळे करणार?’ असे आपल्याला कुणीतरी विचारेल. प्रश्न रास्त आहे. साडेसहा मीटरच्या आरशाशी स्पर्धा करायला जाणे हा वेडेपणा ठरेल. पण वेबला अतिनील प्रकाश दिसत नाही. ताऱ्याजवळच्या ग्रहांची हवा उकळून अवकाशात निसटते, हे २००३ साली हबलने अतिनीलमध्येच पकडले होते, आणि हबल १९९० पासून वर आहे. तो थकल्यावर हे काम कोण करणार? आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अंतराळ वेधशाळेवर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेली अतिनील दुर्बीण आहे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची क्ष-किरण उपकरणे आहेत. पाच वर्षांसाठी पाठवलेल्या या वेधशाळेने सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली. आदित्य-एल१ वरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने केली. अतिनीलमध्ये आपला हात बसलेला आहे. तो बसलेला असतानाच पुढचे काम द्यावे. कारागीर निवृत्त झाले की हात पुन्हा बसवायला दहा वर्षे जातात.

यंत्र मोठे असायलाच हवे असेही नाही. युरोपच्या ‘किऑप्स’चा आरसा ३२ सेंटीमीटरचा, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीपेक्षा थोडा मोठा. डिसेंबर २०१९ मध्ये वर गेलेली ही दुर्बीण ठाऊक असलेल्या ग्रहांचे आकार नेमके मोजते. एकच काम, पण चोख. अ‍ॅस्ट्रोसॅटला सुमारे १७८ कोटी लागले होते, शुक्र मोहिमेला १,२३६ कोटी मंजूर आहेत. मधला आकडा कुठे बसवायचा ते तज्ज्ञ सांगतील. माझे मत विचाराल तर मोजके तेजस्वी तारे निवडावेत, त्यांच्याकडे आठवडे-आठवडे टक लावून बसावे आणि ताऱ्यांवरचे डागही नोंदवावेत, कारण ते डाग ग्रहाच्या हवेची सोंगे घेतात. सगळ्यांना खूश करणारी सर्वगुणसंपन्न दुर्बीण कृपया करू नका. ती कागदावरच राहते.

मी शास्त्रज्ञ नाही. अमावास्येच्या आसपास वांगणीला मुलांना तारे दाखवणारा हौशी माणूस आहे. अशा रात्री कुणीतरी विचारतेच, ‘काका, तिथल्या ग्रहांवर ढग असतात का?’ मी उत्तर देतो, पण त्यातले प्रत्येक निरीक्षण परक्या दुर्बिणीचे असते.

विनंती एकच. एक्सोवर्ल्ड्सला होकार किंवा नकार, तारीख घालून, लेखी कळवावा. नकार असेल तर कारणही द्यावे.

आपला,
वांगणीच्या माळावरचा एक आकाशनिरीक्षक

ता. क. : २०१९ साली भारताच्या वाट्याला एका ग्रहाचे नाव ठेवण्याचा मान आला. पुण्यातल्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचवलेले ‘संतमस’, म्हणजे झाकोळलेला, हे नाव निवडले गेले. त्याच्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींचे नाव मिळाले. गंमत अशी की हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना कधी दिसलेला नाही. बोट चिमट्यात सापडतच नाही म्हणा ना. तेव्हा एक्सोवर्ल्ड्सच्या यादीत संतमस घाला असा हट्ट मी धरणार नाही.