गोल्फच्या गेममध्ये चूक खेळणाऱ्याचीच हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडीओ गेमविषयी लेख आला होता. त्यात गोल्फच्या गेमची बोळवण दोन वाक्यांत केली आहे. ज्याला गोल्फ कळत नाही त्याला हे गेम रुचणार नाहीत, आणि ग्राफिक्स हुबेहूब असलं तरच ते खेळावेसे वाटतात, असं लेखकाचं म्हणणं. मला दोन्ही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, नोकरी करून निवृत्त झालो. गोल्फची काठी आयुष्यात हातात धरलेली नाही. आमच्या नाशकात ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की लोकांना रणजीचा सामना आठवतो नाहीतर सकाळचं फिरणं. तिथे गोल्फ खेळणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आणि तरी मुलगा प्राथमिक शाळेत होता तेव्हापासून मी गोल्फचे गेम खेळतो आहे.

सुरुवात झाली ती टीव्हीला जोडायच्या गेमवर. नव्वदच्या दशकात ते घरोघरी होते. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन वन’ असं छापलेलं, आत खरे खेळ पाच-पन्नास आणि बाकी तेच ते पुन्हा. पोरं मारिओसाठी, काँट्रासाठी, रणगाड्यांसाठी भांडायची. त्याच यादीत ‘गोल्फ’ असायचा. त्याच्यासाठी कोणी भांडत नसे, म्हणून तेवढ्यापुरता रिमोट माझ्या वाट्याला यायचा. पडद्यावर एक मिशीवाला गोलमटोल गडी, बाजूला वरून दिसणारा मैदानाचा नकाशा, वाऱ्याचा बाण. बटण तीनदा दाबायचं. पहिल्यांदा दाबलं की पट्टीवरची खूण सरकू लागते. दुसऱ्यांदा दाबाल तिथे जोर ठरतो. मग खूण उलटी फिरते, आणि ती ठरलेल्या रेघेवर असताना तिसऱ्यांदा दाबलं तर बॉल सरळ. जरा आधी किंवा जरा उशिरा दाबलं की तो डावी-उजवीकडे भरकटणार. संपलं, एवढाच गेम. कुठली काठी किती यार्ड जाते हे सांगणारं पुस्तक कॅसेटबरोबर मिळत नसे. मी ते खेळून खेळून वहीत लिहून काढलं होतं. घरात त्यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली.

हा गेम मुळात निन्टेन्डो या जपानी कंपनीचा, १९८४ सालचा, हे मला फार उशिरा कळलं. त्याचा प्रोग्राम लिहिला होता सातोरू इवाता यांनी. ते तेव्हा एचएएल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत होते. अठरा होलचं, म्हणजे बॉल घालायच्या अठरा खळग्यांचं, अख्खं मैदान त्यांनी त्या काळच्या इवल्याशा मेमरीत बसवलं. पुढे २००२ मध्ये ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले आणि ११ जुलै २०१५ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी गेले. २०१७ मध्ये निन्टेन्डोचं ‘स्विच’ हे गेमचं यंत्र बाजारात आल्यावर काही महिन्यांनी लोकांना शोध लागला, की त्या यंत्राच्या पोटात हाच जुना गोल्फ लपवलेला आहे. यंत्राची तारीख ११ जुलै असताना दोन्ही हात इवातांच्या लकबीप्रमाणे पुढे केले की तो सुरू व्हायचा. ‘वी स्पोर्ट्स’ हा २००६ चा हात हलवून खेळायचा गेम अनेकांनी खेळला असेल. त्यातल्या गोल्फची नऊ होलं याच १९८४ च्या गेमवरून घेतलेली आहेत. बावीस वर्षांत चित्रं कुठल्या कुठे गेली, होलं मात्र तीच चालली. ग्राफिक्सचा एवढा आग्रह धरणाऱ्या आपल्या लेखकांनी याचा जरूर विचार करावा.

मग गंमत येते कशातून? माझ्या मते सगळं मर्म यात आहे, की गोल्फमध्ये बॉल जागेवर पडून असतो. क्रिकेटच्या गेममध्ये समोरून कॉम्प्युटर बोलिंग टाकतो. बाद झालात तर बॉल फार चांगला होता, कॉम्प्युटरने लबाडी केली, असं काहीही म्हणायला वाव राहतो. इथे कोणी अंगावर येत नाही. वारा किती ते दिसतं, बॉल गवतात आहे की वाळूत ते दिसतं, काठी तुम्हीच निवडता आणि वेळ हवा तेवढा आहे. एवढं सगळं हातात देऊनही बॉल पाण्यात गेला, तर बोट दाखवायला दुसरा कोणी उरत नाही. म्हणूनच माणूस चिडतो आणि म्हणूनच पुन्हा खेळतो.

पण हे तेव्हाच, जेव्हा चूक खरोखर खेळणाऱ्याची असते आणि ती कुठे झाली हे त्याला कळतं. टूलरूममध्ये जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट झाला तर कुठे आणि किती मायक्रॉनने गेला हे सांगता यावं लागतं. नुसतं ‘बिघडला’ म्हणणाऱ्याला आम्ही दारात उभं करत नसू. गेमलाही मी तोच नियम लावतो. खूण रेघेच्या किती आधी थांबली हे मला दिसलं पाहिजे. वारा तोच, काठी तीच आणि दाबलं त्याच जागी, तर बॉलही तिथेच पडला पाहिजे. जपानच्याच ‘एव्हरीबडीज गोल्फ’मध्ये, म्हणजे १९९७ च्या प्लेस्टेशनवरच्या गेममध्ये, माणसं कार्टूनसारखी मोठ्या डोक्याची आहेत, पण आतलं गणित चोख. हसायला लावणारं चित्र आणि कडक हिशेब, ही जोडी मला फार आवडते.

याउलट टायगर वुड्स या नामवंत गोल्फपटूच्या नावाने निघालेल्या गेममध्ये एक सोय होती. बॉल हवेत असताना भराभर बटण दाबून त्याला फिरकी द्यायची. मुलाला ती आवडायची, मला कधीच पटली नाही. काठीला लागून सुटलेल्या बॉलवर हाताचा हक्क कसा उरेल? बॉल वर गेल्यापासून खाली टेकेपर्यंतचे चार-पाच सेकंद हाच तर या गेमचा जीव. त्या वेळात काही करता येत नाही, नुसतं बघायचं, मान तिरकी करायची, ‘थांब, थांब’ म्हणायचं. तिथे बटण दिलं की ते सगळं गेलं. त्याच मालिकेत २०११ साली ऑगस्टा नॅशनल हे अमेरिकेतलं प्रसिद्ध गोल्फ मैदान पहिल्यांदा आलं. झाडं, फुलं, पूल, सगळं देखणं. पहिल्या दिवशी मी ते डोळे भरून पाहिलं. आठवड्याने नजर पुन्हा पट्टीवर आणि वाऱ्यावरच गेली.

ग्रीनवरचा, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, खेळ बहुतेक गेमना अजून नीट साधलेला नाही. सपाट पडद्यावर उतार दाखवायचा तर अवघडच. १९८४ च्या गेममध्ये सरळ बाण काढले होते. आता जाळी काढतात आणि तिच्या रेघांवर उताराच्या दिशेने ठिपके धावतात. तेही चालेल. पण काही गेम बॉल कुठून कसा जाईल याची रेघच काढून देतात. मग मी काय, नुसता अंगठा लावायला?

सध्या मुलगा पुण्यात आणि मी इथे, तरी आम्ही एक गेम बरोबर खेळतो: जस्टिन स्मिथ यांचा २०१४ चा ‘डेझर्ट गोल्फिंग’. नारिंगी वाळवंट, पांढरा बॉल, एक झेंडा. बोट मागे ओढायचं आणि सोडायचं. मेन्यू नाही, संगीत नाही, फटका परत घेण्याची सोय नाही. आजवर मारलेले एकूण फटके वर दिसत राहतात, ते कमी होत नाहीत. होलं कॉम्प्युटरनेच बनवलेली, संपता न संपणारी, पण सगळ्यांना तीच आणि त्याच क्रमाने. त्यामुळे मुलाचा फोन येतो तो, “बाबा, तो उभा कडा आहे ना, तिथे किती घेतलेत?” असा. बरेच दिवस नुसती वाळू पाहिल्यावर मधेच एक निवडुंग दिसतो, तर त्याची बातमी होते. महागडी गेमची यंत्रं न परवडणाऱ्या वाचकांना आपल्या लेखात काहीच नव्हतं. त्यांना मी हा गेम सुचवीन.

फोनवरचे सगळेच गोल्फ असे नाहीत. एक बराच खेळला जाणारा गेम मी काही दिवस खेळलो, नाव घेत नाही. समोर खरा माणूस असतो, पट्टीही ठीक आहे. पण तिथे बॉल विकत मिळतो. पैसे देऊन घेतलेला बॉल वाऱ्यात कमी सरकतो, लांब जातो. म्हणजे मी नेमका रेघेवर दाबूनही हरतो, आणि ती चूक माझी नसते. खऱ्या गोल्फमध्ये बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि होलाचा व्यास सगळ्यांना १०८ मिलिमीटरच. श्रीमंतांचा खेळ म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण तिथेसुद्धा ज्याच्याकडे जास्त पैसे त्याच्यापुरतं वाऱ्याला थांबवता येत नाही.

तेव्हा विनंती अशी. पुरवणीत यापुढे गेमचं परीक्षण छापाल तेव्हा लिहिणाऱ्याने निदान अठरा होलं पुरी खेळलेली असावीत, आणि फटका चुकला तेव्हा का चुकला हे त्याला कळलं की नाही, हे त्याने स्पष्ट लिहावं. फोनवरच्या गेमची किंमत ‘मोफत’ अशी न छापता, महिनाभर खेळल्यावर तो किती पैसे मागू लागतो तो आकडा छापावा.

आपला,
एक जुना वाचक
सातपूर, नाशिक