किपिकानेची जमीन, पार्करची गुरं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तुला ऐतिहासिक प्रेमकथा आवडतात आणि बाबांना गुरांचं सगळं आवडतं. हवाईच्या मोठ्या बेटावरच्या पार्कर रँचची, म्हणजे गुरांच्या भल्यामोठ्या कुरणाची गोष्ट तुम्हा दोघांनाही एकदमच पुरेल, म्हणून फोनवर तुकड्या-तुकड्याने न सांगता सविस्तर लिहिते.

त्या बेटावर आधी गाय हा प्राणीच नव्हता. 1793 मध्ये व्हँकूवर नावाच्या इंग्रज कप्तानाने कॅलिफोर्नियाकडची लांब शिंगांची गुरं जहाजातून आणून राजा कामेहामेहाला भेट दिली. राजाने त्यांना मारायला सक्त बंदी केली आणि त्यांना मोकळं सोडलं. चारा भरपूर, वाघ-लांडगा कुठेच नाही, त्यामुळे थोड्याच वर्षांत मौना केआ डोंगराच्या उतारांवर रानटी कळप माजले. ती गुरं शेतं तुडवत, माणसांच्या अंगावर येत. मग लोकांनी पिकांभोवती दगडी गडगे रचले.

अशा वेळी, 1809 मध्ये, जॉन पामर पार्कर तिथे उतरला. मॅसॅच्युसेट्सचा, जेमतेम एकोणीस वर्षांचा खलाशी. मध्ये तो चीनकडे गेला, युद्धामुळे तिकडेच अडकला आणि 1815 मध्ये बंदूक घेऊन परतला. राजाने त्याला गुरं मारायची परवानगी दिली. मांस खारवून पिंपांत भरायचं, चरबी वितळवायची, कातडी वाळवायची आणि आलेल्या जहाजांना विकायची, हे त्याचं काम. मोबदल्यात मिळालेल्या गुरांतली चांगली निवडून त्याने माणसाळवायला घेतली. बाबा, पुढच्या सगळ्या पसाऱ्याचं बियाणं ते.

1816 मध्ये त्याचं लग्न किपिकानेशी झालं. ती कामेहामेहाच्या कुळातली, तिथल्या सरदार घराण्यातली. आई, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी "धाडसी गोरा तरुण आणि सुंदर राजकन्या" अशी सांगतात आणि लग्न लागलं की किपिकाने कथेतून गायब होते. मला ते अजिबात पटत नाही. 1847 मध्ये पार्करला माना नावाच्या थंड पठारावर दहा डॉलरला फक्त दोन एकर मिळाले. किपिकानेला मात्र तिच्या घराण्याच्या हक्काने 640 एकर मिळाले. दोन एकरांत गोठा उभा राहील, कळप चरणार नाही. त्यानंतर पार्करने आणखी जमिनी विकत घेतल्या, पण कुरणाचा पाया तिच्या नावावरचा. 1860 मध्ये ती गेली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा संसार. मेरी अ‍ॅन, एबेनेझर आणि जॉन ही त्यांची तीन मुलं. कुणी यावर कादंबरी लिहिली तर ती तिच्यापासून सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं.

बाबा, आता रानटी बैल धरायची रीत. सुरुवातीला खड्डे खणून वर फांद्या-माती पसरत. पण खड्ड्यात पडलेलं जनावर पाय मोडून घेई, आणि माणसालाही धोका. 1834 मध्ये डेव्हिड डग्लस हा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ अशाच खड्ड्यात मेलेला सापडला, आत बैलही होता. 1830च्या दशकात तेव्हाच्या राजाने, तिसऱ्या कामेहामेहाने, मेक्सिकन गुराखी बोलावले. त्यांनी घोडा आणि फास शिकवला, आणि त्यातून हवाईचे स्वतःचे गुराखी तयार झाले. त्यांना पानिओलो म्हणतात.

फास टाकून धरलेला बैल लगेच घरी नेता येत नसे. त्याला झाडाला आखूड बांधून एक-दोन दिवस तसाच ठेवायचा, धडका देऊन देऊन दमला की मग एका शांत, वाटा माहीत असलेल्या बैलाच्या मानेला जोडायचा. आपल्याकडे नवा खोंड जुन्या बैलाशेजारी जुंपतात, तसंच. दोर लांब ठेवला तर बैल वेग घेऊन धडकतो आणि मान मोडते किंवा दोर तुटतो.

तो दोर कच्च्या कातड्याचा. कातडं ताणून वाळवायचं, केस खरवडायचे, मग कडेपासून आत गोल गोल कापत एकच सलग वादी काढायची, कारण जोड आला की नेमका तिथेच दोर तुटतो. वादीची रुंदी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर अरुंद जागी सगळा ताण येतो. पेड वळताना वादी दमट असावी. फार ओली असली तर वाळल्यावर वीण सैल पडते, फार कोरडी असली तर चिरते. शेवटी ताणून चरबी चोळायची. पावसात हा दोर मऊ पडून लांबतो, म्हणून मौना केआच्या ओल्या बाजूला चरबी पुन्हा पुन्हा लावावी लागे.

सगळ्यात अवघड काम म्हणजे कावाइहाएच्या किनाऱ्यावर गुरं जहाजात चढवायचं. तिथे मोठं जहाज काठाला लागत नसे. कळप उन्हाच्या आत किनाऱ्यावर पोचवायचा, कारण तापलेलं, तहानलेलं जनावर पाण्यात लवकर थकतं. गुराखी एकेका बैलाला फास टाकून घोड्यासकट समुद्रात शिरे आणि पोहत होडीपर्यंत नेई. होडीतली माणसं त्याचं डोकं पाण्यावर राहील असं काठाला बांधत, दोन्ही बाजूंना सारखेच, नाहीतर होडी कलंडे. बांधणी सैल झाली की लाटेबरोबर नाकातोंडात पाणी जाऊन जनावर बुडे. जहाजापाशी पोटाखाली पट्टा घालून त्याला वर उचलत. या कामाचे घोडे वेगळे तयार करावे लागत. लाटेला बुजणारा घोडा फासात अडकलेल्या बैलापेक्षा घातक.

या गुराख्यांची कसब जगाने 1908 मध्ये पाहिली. अमेरिकेतल्या शायेन गावच्या स्पर्धेत इकुआ पर्डीने, तोही उसन्या घोड्यावर बसून, 56 सेकंदांत बैल पाडून बांधला आणि पहिला आला. अमेरिकन काउबॉयच्या घरच्या अंगणात!

बाबा, खोगिराचं आणि कुरणाच्या पाण्याचं पुढच्या पत्रात लिहिते. आई, बीपीची गोळी जेवणानंतर विसरू नकोस. काकूला हे वाचून दाखवलंस तर किपिकानेचा भाग गाळू नकोस.

तुमची,
धाकटी