आप्पा, हे विमान तुम्ही बघायलाच हवं

वेब्रिज, इंग्लंड

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आईला फोनवर विमानाचं अर्धंच सांगून झालं. बाकीचं तुम्हाला लिहितो, कारण त्यातलं खरं मर्म तुम्हालाच कळेल.

इथल्या ब्रुकलँड्स संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं वेलिंग्टन बॉम्बर ठेवलंय. बार्न्स वॉलिस या इंजिनिअरनं हलक्या धातूच्या तिरक्या पट्ट्या एकमेकींत गुंफून त्याचा सांगाडा केला, आणि वर पत्रा नाही, लिननचं कापड चढवलं! कापडावर डोप नावाचं रोगण लावलं की ते ताणून ताठ बसायचं, आपण सुताला खळ देतो तसं. चार पट्ट्या तुटल्या तरी भार बाकीच्या पेलायच्या. आता ती जाळी उघडी दिसते. एकेक सांधा बघताना सारखं वाटत होतं, मागावर जन्म काढलेला माणूस इथं हवा.

१८ डिसेंबर १९३९ला जर्मनीजवळच्या हेलिगोलंड बेटापाशी झालेल्या हवाई लढाईत २२ पैकी १२ वेलिंग्टन पडली. हे परत आलं. मग ते प्रशिक्षणाला दिलं. ३१ डिसेंबर १९४०ला स्कॉटलंडच्या डोंगरांवर, हिमवादळात, सरावाच्या उड्डाणात त्याचं एक इंजिन बंद पडलं. आठपैकी सहा जणांनी उड्या टाकल्या. शेपटाकडचा तोफची, सार्जंट फेन्सम, याचं पॅराशूट विमानात अडकलं आणि तो गेला. दोघा वैमानिकांनी विमान लॉक नेस सरोवरात उतरवलं आणि ते रबरी होडीतून काठाला लागले. १९८५ साली ते वर काढलं, तेव्हा बॅटरी जोडताच त्याचे शेपटाचे दिवे लागले म्हणे.

लोक त्या दिव्यांचंच कौतुक करतात. मला मात्र फेन्सम सुटत नाही. समोर शत्रू नाही, लढाई नाही, शिकता-शिकता गेला. बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांच्या विभागाची, ५५,५७३ माणसं त्या युद्धात मेली, त्यात अशी सरावात गेलेली हजारो. त्यांच्या आयांना काय सांगितलं असेल? लढाईत पडलेल्यांइतकाच त्यांचा मान राहावा, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यात दोघंही या. व्हिसाचे कागद मी पाठवतो. गुडघ्याचं कारण सांगू नका, इथं आत जायला पायऱ्या नाहीत. आणि येताना शेंगाचटणी जास्त आणा, शेजारच्या आजीही मागतात.

आईला नमस्कार. दादाला सिद्धेश्वरच्या यात्रेचे फोटो पाठवायला सांगा.

आपला,
बाळू