अटी हिशेबाच्या आणि अटी राजकारणाच्या

महोदय,

पॅलेस्टिनींना मिळणाऱ्या परदेशी मदतीविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. दात्या देशांनी पैसा देताना कठोर अटी घालाव्यात आणि त्या मोडल्या तर हात आखडता घ्यावा, असा लेखकाचा आग्रह आहे. माझी सारी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे अटींचे मला वावडे नाही. पैसा सार्वजनिक असेल तर निविदा, पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागितलेच पाहिजे. परंतु लेखात ज्या अटींची भलामण केली आहे त्या या जातीच्या नाहीत. पैसा कुठे गेला हे विचारणारी अट वेगळी आणि लोकांनी मत कुणाला दिले किंवा त्यांचे नेते कोणत्या न्यायालयात दाद मागतात हे विचारणारी अट वेगळी. पॅलेस्टिनी प्रदेशात या दुसऱ्या अटीने पहिलीचा कसा बोजवारा उडवला, याचा लेखात उल्लेखही नाही.

हिशेबाच्या बाबतीत लेखकाचे म्हणणे बरेचसे खरे आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील १९९३ च्या ऑस्लो करारानंतर लगेच वॉशिंग्टनला दात्यांची परिषद भरली, नॉर्वेच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती नेमली गेली आणि १९९४ ते २०२० या काळात चाळीस अब्ज डॉलरहून अधिक मदत वेस्ट बँक व गाझाला मिळाली. या करारातून उभे राहिलेले मर्यादित स्वशासन म्हणजे पॅलेस्टिनी प्राधिकरण; यासर अराफत यांच्या काळातला त्याचा कारभार पारदर्शक मुळीच नव्हता. १९९५ ते २००० या वर्षांत सुमारे ९० कोटी डॉलर अर्थसंकल्पाबाहेर वळवले गेले, अशी नोंद आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २००३ मध्ये केली. इंधनावरील कराची रक्कम तर तेल अवीवच्या एका बँकेत, अराफत यांच्या ताब्यातील खात्यात जमा होत असे. ती तेथे जमा करणारे सरकार इस्रायलचेच होते, हे जाता जाता नमूद केलेले बरे. पुढे नाणेनिधीचेच माजी अधिकारी सलाम फय्याद २००२ मध्ये अर्थमंत्री झाले. त्यांनी सगळा महसूल एकाच कोषागार खात्यात आणला, जमाखर्च नियमितपणे प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि सुरक्षा दलांचे पगार रोखीऐवजी बँकेतून द्यायला लावले. ज्याने एखाद्या जिल्हा परिषदेचे दप्तर तपासले आहे, त्याला विखुरलेली खाती एकत्र आणणे केवढे जिकिरीचे काम असते हे सांगावे लागणार नाही.

जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. मतदान रीतसर झाल्याचा निर्वाळा युरोपीय संघाच्या निरीक्षकांनीही दिला होता. अमेरिका, रशिया, युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या चौकडीने त्याच महिन्यात नव्या सरकारपुढे तीन अटी ठेवल्या : हिंसेचा त्याग, इस्रायलला मान्यता आणि पूर्वीच्या करारांचा स्वीकार. हमासचे राजकारण आणि तिची शस्त्रे यांचे समर्थन मला करायचे नाही, आणि या अटी तत्त्वतः गैर होत्या असेही मी म्हणत नाही. माझा मुद्दा त्यांच्या अंमलबजावणीचा आहे. थेट मदत थांबली, इस्रायलने कराचा पैसा अडवला आणि दीड लाखांवर सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन् महिने रखडले. मात्र त्या वर्षी मदतीचा एकूण आकडा घटला नाही, उलट वाढला. फरक इतकाच की तो पैसा कोषागाराला वळसा घालून जाऊ लागला. जून २००६ मध्ये युरोपीय संघाने ‘तात्पुरती यंत्रणा’ उभारून कर्मचारी आणि गरजू कुटुंबे यांच्या हाती परस्पर भत्ते दिले, अरब देशांचे पैसे थेट पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या कार्यालयाकडे गेले आणि फय्याद यांनी कष्टाने बसवलेली एक-खाते पद्धत वर्षभरात मोडीत निघाली. पारदर्शकतेचा आग्रह धरणाऱ्या दात्यांनीच ती मोडली.

दुसरी बाब लेखकाने सर्वस्वी वगळली आहे. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या हाती येणारा सर्वांत मोठा पैसा परदेशी मदतीचा नसून त्यांच्याच करांचा आहे. १९९४ च्या पॅरिस करारानुसार आयातीवरील जकात आणि मूल्यवर्धित कर इस्रायल गोळा करतो, तीन टक्के शुल्क कापून घेतो आणि उरलेली रक्कम दरमहा प्राधिकरणाला देतो. प्राधिकरणाच्या महसुलाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हाच आहे. २००६ मध्ये हमास निवडून आली म्हणून, २०११ मध्ये पॅलेस्टाइनला युनेस्कोचे सदस्यत्व मिळाले म्हणून, इस्रायली तुरुंगांतील पॅलेस्टिनी कैद्यांच्या कुटुंबांना भत्ते दिले जातात म्हणून २०१९ पासून, ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातील कर्मचाऱ्यांना पगार दिले जातात म्हणून ही रक्कम अडवली किंवा कापली गेली, आणि मे २०२५ पासून तर हस्तांतरण थांबलेच. नोव्हेंबर २०२१ पासून वेस्ट बँकेतील शिक्षकांना पूर्ण पगार मिळालेला नाही. दाते जी मदत देतात तिचा मोठा भाग हे भगदाड बुजवण्यात जातो आणि कागदोपत्री मात्र ती ‘विकासासाठी’ म्हणून नोंदली जाते.

कैद्यांच्या भत्त्यांचे उदाहरण लेखकाने दिले आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहितो. शिक्षा जितकी लांब तितका भत्ता मोठा, ही पद्धत मला समर्थनीय वाटत नाही. कुटुंबाची गरज हाच निकष असायला हवा होता. अमेरिकेने २०१८ मध्ये टेलर फोर्स कायदा करून याच कारणासाठी प्राधिकरणाला थेट लाभ देणारी मदत रोखली, तरी पूर्व जेरुसलेममधील रुग्णालये, सांडपाण्याचे प्रकल्प आणि मुलांचे लसीकरण यांना त्यातून वगळले होते. येथवर अट समजण्यासारखी आहे. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याच रुग्णालयांचे अडीच कोटी डॉलर ट्रम्प प्रशासनाने काढून घेतले. पाठोपाठ आणखी एक कायदा आला, ज्यानुसार अमेरिकी मदत घेणाऱ्यावर अमेरिकेच्या न्यायालयांत दहशतवादी हल्ल्यांच्या भरपाईचे दावे चालवता येणार होते. प्राधिकरणाने पत्र लिहून ३१ जानेवारी २०१९ पासून मदतच नको असे कळवले, आणि इस्रायलशी समन्वय राखणाऱ्या पॅलेस्टिनी सुरक्षा दलांचा अमेरिकी निधीही त्यात बंद झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये महमूद अब्बास यांनी अध्यादेश काढून भत्ते गरजेवर आधारित केले. त्यानंतर इस्रायलकडून येणारा पैसा वाढण्याऐवजी बंद झाला, हे वर आलेच आहे.

युरोपीय संघाने २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांतील मजकुराचा वाद काढून सुमारे २१ कोटी युरोंचा निधी जून २०२२ पर्यंत लटकवला. पाठ्यपुस्तकांवर आक्षेप घेता येतील, घ्यावेतही. पण प्राधिकरणाची देणी थकल्यामुळे पूर्व जेरुसलेममधील ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयाला नवे कर्करुग्ण घेणे थांबवावे लागले होते, आणि त्या रुग्णांचा इतिहासाच्या धड्यांशी काही संबंध नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये, हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात बारा कर्मचारी सामील असल्याच्या आरोपावरून डझनाहून अधिक देशांनी पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या ‘यूएनआरडब्ल्यूए’ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा निधी चौकशीआधीच थांबवला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत नऊ कर्मचाऱ्यांचा सहभाग असू शकतो असे आढळले आणि त्यांना काढून टाकण्यात आले. ही कारवाई योग्यच होती. पण गाझातील तेरा हजार कर्मचाऱ्यांची संस्था उपासमारीच्या काळात बंद पाडण्याने कोणता हिशेब स्वच्छ होणार होता? याउलट नोव्हेंबर २०१८ पासून कतारहून येणारी रोकड सुटकेसांतून, इस्रायलच्या संमतीने, हमासच्या ताब्यातील गाझात जात होती. राजकीय सोय असली की अट शिथिल होते, याहून निराळा अर्थ मला यातून काढता येत नाही.

आता अटींच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. मदत घेणाऱ्याला इतके प्रश्न विचारणारे दाते, त्यांच्या पैशाने उभे राहिलेले बांधकाम पाडणाऱ्याला काय विचारतात? गाझाचा विमानतळ १९९८ मध्ये जपान, स्पेन, जर्मनी आणि अरब देशांच्या पैशातून उभा राहिला. तीन-चार वर्षांतच त्याची धावपट्टी इस्रायलने उखडली. बेथलेहेमजवळच्या जुब्बेत अध्-धीब गावातील नेदरलँड्सने दिलेली सौर पॅनेल २०१७ मध्ये जप्त झाली आणि युरोपीय मदतीने बांधलेली तेथील शाळा मे २०२३ मध्ये पाडण्यात आली. त्या दोन्ही वेळी कारण एकच होते, बांधकाम परवाना नव्हता. आणि वेस्ट बँकेच्या सुमारे साठ टक्के भागात, जो पूर्णपणे इस्रायलच्या नियंत्रणाखाली असून ‘क्षेत्र क’ म्हणून ओळखला जातो, पॅलेस्टिनींना तो परवाना मिळणे जवळजवळ अशक्य आहे. या भागावरील निर्बंधांमुळे पॅलेस्टिनी अर्थव्यवस्थेचे वर्षाला ३.४ अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा जागतिक बँकेचा २०१३ चा अंदाज आहे. २०१७ मध्ये बेल्जियमच्या पुढाकाराने आठ युरोपीय देशांनी नुकसानभरपाई मागितली, ती सुमारे ३१ हजार युरोंची.

अटींचा काच आपल्यालाही नवा नाही. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भारताला द्यायच्या गव्हाची जहाजे थोडी थोडी करून सोडत होते. शेतीधोरणात बदल हा एक हेतू होता आणि व्हिएतनामवरील भारताच्या टीकेचा राग हा दुसरा. आज भारत दात्याच्या जागी आहे. यूएनआरडब्ल्यूएला आपण वर्षाला पन्नास लाख डॉलर देतो आणि २०२४ मध्येही ते दिले, रामल्लाजवळ तंत्रज्ञान उद्यानासाठी १.२ कोटी डॉलर दिले आणि बेथलेहेम परिसरातील बेत साहूर येथे रुग्णालय उभारण्याचा करार २०१८ मध्ये केला. या कामांसाठी बाहेरून येणारे सामान इस्रायलच्या परवानगीनेच जाते. इस्रायलशी आपले संबंध चांगले असल्यामुळे भारताला एक अट सहज घालता येईल : भारतीय करदात्यांच्या पैशाने चाललेल्या कामाचे सामान अडणार नाही, आणि बांधकाम पाडले गेले तर पाडणाऱ्याने भरपाई द्यावी. अटींचा आग्रह धरणाऱ्या आपल्या लेखकाने या अटीविषयीचे आपले मत पुढील लेखात अवश्य मांडावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, सातारा