तात्पर्य विचारू नका, टेप आणा

संपादक महोदय,

शाळांमध्ये वाचनाची तासिका आली, पुस्तकपेट्या आल्या. पण गोष्ट संपली की फळ्यावर पहिला प्रश्न अजून तोच पडतो : ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ इसापनीतीला तो चालतो. लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या इंग्रजी पुस्तकाला चालत नाही. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात डचेस नावाचे एक पात्र आहे. समोर येईल त्या गोष्टीला ही बाई तात्पर्य चिकटवते आणि लेखक तिची मनसोक्त टिंगल करतो. त्याच पुस्तकावर आपण बोधाचा प्रश्न काढायचा म्हणजे कमालच झाली. कॅरल, म्हणजे चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवत असे. गोष्ट अद्भुत असली तरी तिच्यात मापे आहेत, आकडे आहेत. पाचवी ते आठवीला ती भाषेच्या तासापेक्षा गणित-भूगोलाच्या तासाला जास्त कामाची आहे. बाराही प्रकरणे शिकवायला जाऊ नये, वर्ष पुरणार नाही.

सुरुवात उंचीपासून करावी. सशाच्या मागे बिळात पडलेली ॲलिस ही मुलगी गोष्टीत सारखी लहान-मोठी होत राहते. बाटलीतले पिऊन ॲलिस १० इंचांची होते, केक खाऊन ९ फुटांच्या वर जाते. सुरवंट भेटतो तेव्हा ती ३ इंचांची असते, डचेसच्या ४ फुटी घराजवळ जाण्याआधी ९ इंचांची होते, चहापार्टीला जाताना साधारण २ फुटांची आणि बागेत शिरताना १ फुटाची. बागेचे दार १५ इंचांचे. हे आकडे फळ्यावर लिहावेत आणि चार-चार मुलांच्या गटाला शिंप्याची टेप, डिंक व रद्दीच्या दोन-दोन इंच रुंद पट्ट्या द्याव्यात (आपल्या अंकाची रद्दी चालेल). ॲलिसची मूळ उंची पुस्तकात दिलेली नाही. म्हणून प्रत्येक गटाने आपल्यातल्या एका मुलाची उंची मूळ धरायची, पट्ट्या जोडून ॲलिसच्या प्रत्येक उंचीएवढी लांब पट्टी करायची आणि तिचे मूळ उंचीशी गुणोत्तर काढायचे. गटागणिक गुणोत्तर वेगळे येते, त्यामुळे शेजारच्या वहीत डोकावून उपयोग नसतो.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवे. शिंप्याच्या टेपला एका बाजूला १५० सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६० इंच असतात. मुले १० इंचांची खूण बिनदिक्कत १० सेंटीमीटरवर करतात. ९ फूट म्हणजे १०८ इंच, पण टेप ६० ला संपते. उरलेले ४८ मोजताना टेप दुसऱ्यांदा लावायची, तिथे ती हमखास तिरकी जाते किंवा बोटभर पुढे सरकते. पट्टी आधी फरशीच्या रेघेला लावून मोजावी आणि मगच भिंतीवर चिकटवावी. वापरून जुनी झालेली टेप ताणली जाते, तेव्हा तास सुरू होण्यापूर्वी ती ३० सेंटीमीटरच्या स्टीलच्या पट्टीशी ताडून बघितलेली बरी.

यातला सर्वांत चांगला प्रश्न अश्रूंच्या तळ्याचा आहे. ॲलिस प्रचंड उंच असताना रडते आणि सुमारे ४ इंच खोल तळे साचते. पुढे ती लहान होत जाते, पाय घसरतो आणि पाणी थेट हनुवटीला लागते. आता तिची उंची किती? मुलांनी एकमेकांची हनुवटीपर्यंतची उंची मोजावी. ती पूर्ण उंचीच्या साधारण ०.८६ पट भरते. ४ ला ०.८६ ने भागले की साडेचार इंचांच्या थोडे वर उत्तर येते. एखादी मुलगी म्हणेल, ‘पण बाई, ती उभी कशावरून? तरंगत असेल तर?’ तिला पूर्ण गुण द्यावेत. तिने गृहीतक पकडले आहे.

आठवीला हाच धागा पुढे नेता येतो. ४ फूट ६ इंचांचे मूल ९ फुटांचे झाले, तर उंची दुप्पट झाली. मग फ्रॉकला कापड किती? चौपट. वजन? आठपट, म्हणजे ३० किलोचे २४० किलो. हाडाचा छेद मात्र चौपटच वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पूर्वीच्या दुप्पट भार. सूत्र सांगण्याआधी गणित पेटीतल्या ठोकळ्यांनी दोनच्या बाजूचा घन रचून घ्यावा. आठ ठोकळे हाताने मोजल्याशिवाय ‘दुपटीचे आठपट’ पटत नाही, पाठ होते इतकेच.

भूगोलाच्या तासाला ससा आणि त्याचे बीळ घ्यावे. पडता पडता ॲलिस हिशोब करते की चार हजार मैल खाली आलो असू, म्हणजे पृथ्वीचा मध्य जवळ आला असेल. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,९५९ मैल. पोरीचा अंदाज चोख आहे. मग तसेच बीळ आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या दगडी खांबाशी आरपार खणले, तर कुठे निघू? बहुतेक मुले ‘अमेरिका’ म्हणून मोकळी होतात. झिरो माईल अंदाजे २१°९′ उत्तर, ७९°५′ पूर्व. अक्षांशाची फक्त दिशा बदलायची, रेखांश मात्र १८० मधून वजा करून पूर्वचे पश्चिम करायचे. उत्तर येते २१°९′ दक्षिण, १००°५५′ पश्चिम. तिथे पॅसिफिक महासागर आहे आणि ईस्टर बेट तिथून हजार-अकराशे किलोमीटरवर. नेहमीची चूक अशी की मुले ७९° पूर्वचे सरळ ७९° पश्चिम करतात. गंमत म्हणजे तिथेही पॅसिफिकच आहे, फक्त दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडचा. महासागराचे नाव बरोबर आल्याने चूक तपासणीतून निसटते. म्हणून नावावर गुण देऊ नयेत, अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत.

पाढ्यांची गंमत सातवीच्या खाली काढू नये. ॲलिस म्हणते, चार पंचे बारा, चार सक तेरा, आणि अशाने मी वीसपर्यंत कधीच पोचणार नाही. तिसरीच्या ज्या मुलाचा पाढा अजून डळमळतो, ते ‘बारा’च धरून बसते. मोठ्यांना मात्र हे संख्यापद्धतीचे कोडे म्हणून द्यावे. पुस्तकात असा खुलासा नाही, पण हिशोब नेमका जुळतो. दहाऐवजी अठराचे गठ्ठे बांधले, तर २० म्हणजे एक गठ्ठा आणि दोन सुटे, म्हणून ‘१२’. एकवीसचे गठ्ठे बांधले तर २४ म्हणजे ‘१३’. गठ्ठा दर वेळी तीनने वाढवत गेले की चार बारे अठ्ठेचाळीसला एकोणचाळीसचा गठ्ठा होतो आणि ‘१९’ येते. पुढची पायरी बेचाळीसची. तिथे ‘२०’ लिहायला ८४ हवेत, हाताशी आहेत ४ × १३ = ५२. मुलांनी हे काड्यांनी करावे, नुसते फळ्यावर पाहून अर्धा वर्ग हरवतो.

खटल्याचे प्रकरण नागरिकशास्त्राला द्यावे. राणी म्हणते, आधी शिक्षा, निकाल नंतर. आरोप, पुरावा, निकाल, शिक्षा अशा चिठ्ठ्या उलटसुलट देऊन क्रम लावायला सांगितले, की वीस मिनिटांत काम होते.

कवितांपाशी मात्र थांबायला हवे. त्यांतल्या बऱ्याच कविता तेव्हाच्या इंग्रज मुलांना पाठ असलेल्या पद्यांची विडंबने आहेत. आपल्या मुलांना मूळ पद्य ठाऊक नसते, म्हणून हसू येत नाही आणि शिक्षक अर्थ समजावत बसतात. त्या सरळ गाळाव्यात. त्याऐवजी ‘ये रे ये रे पावसा’चे विडंबन करून घ्यावे. अट एकच, पहिल्या ओळीत सात आणि दुसरीत सहा अक्षरे. नागपूरच्या मुलांना मे महिन्याच्या उन्हावर लिहा म्हटले, तर विषय पुरवावा लागत नाही.

शेवटी झेरॉक्सबद्दल. मूळ इंग्रजी मजकूर आणि त्या पुस्तकातली जॉन टेनिएलची चित्रे स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. मराठी अनुवादाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो आणि आपल्याकडे तो अनुवादकाच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो. तेव्हा अनुवादाचे पुस्तकच्या पुस्तक काढून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. शाळेने प्रत विकत घ्यावी, किंवा गोष्ट शिक्षकाने आपल्या शब्दांत सांगावी. टेनिएलच्या रेघा बारीक आहेत, म्हणून भिंतीवर लावायचे चित्र ए-फोरवरून ए-थ्री करून घ्यावे. त्यासाठी मशीनवर १४१ टक्के आकडा टाकावा लागतो. कागद दुप्पट होतो, मग २०० का नाही, हे आठवीच्या वर्गालाच विचारावे.

आपले,
प्राथमिक शिक्षकांचा एक गट, नागपूर