कोपऱ्यावरच्या त्या बागेतल्या सगळ्यांना थँक्यू

डिसेंबरच्या सुट्टीत आईला घेऊन नागपूरला मावशीकडे गेलो होतो, सकाळी तर्री पोहे खाऊन सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनला जायचा प्लॅन होता पण आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या छोट्याशा बागेत टेकलो ते दीड तास उठलोच नाही.

केवढीशी जागा ती! पण भिंतीवर फुटक्या टाइल्स आणि काचेच्या बांगड्यांचा मोर, जुन्या टायरमध्ये शेवंती नुसती भरून आलेली. चंदीगडचं नेकचंदांचं रॉक गार्डन आठवलं, तेही असंच टाकाऊ सामानातून उभं राहिलंय ना.

पाइपने पाणी घालणाऱ्या काकांनी दाखवलं, झाडांजवळ माठ गळ्यापर्यंत पुरलेत, पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळतं, म्हणून मे महिन्यात ४५ डिग्रीतही झाडं तगतात. खरंच हात जोडावेसे वाटले.

काका, तुमचे मनापासून आभार. आईसाठी घरातून खुर्ची आणणाऱ्या ताई, तुमचेही. आणि तो मोर ज्यांनी बनवला त्या पोरांना खूप खूप प्रेम, नावं विचारायची राहूनच गेली. काकूंनी दिलेली गुलाबाची फांदी पुण्यात कुंडीत लावली, दोन पानं आलीत बघा!