गावाचा बोर्ड दिसायच्या आधी गावाचा कचरा दिसतो

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सांगलीत कुठल्याही बाजूनं या, कोल्हापूरकडनं अंकलीवरून या नाहीतर तासगावकडनं माधवनगरवरून या, नीट वस्ती लागायच्या आधीच रस्त्याकडेला आपलं स्वागत चालू होतं. काळ्या पिशव्या, जेवणावळीतल्या पत्रावळ्या, थर्माकोल, चिकनवाल्यांची पोती आणि बाभळीला अडकून फडफडणाऱ्या कॅरीबॅग. आपल्याला रोजचं झालंय म्हणून दिसत नाही. माझे साडू बेळगावहून येतात, गाडीत डुलकी लागलेली असते, वास आला की डोळे न उघडताच म्हणतात, "आलं वाटतं तुमचं गाव." हसतच म्हणतात, पण लागायचं ते लागतंच ना ओ.

आपण कार्यक्रमात काय सांगतो, तर सांगली म्हणजे नाट्यपंढरी, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटक उभं केलं, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेची तंतुवाद्यं देशभर जातात. सगळं खरं आहे आणि अभिमान मलाही आहे. पण अथणी, विजापूरकडनं पेशंट घेऊन मिरजेला येणाऱ्या माणसाला 1843 शी काय देणंघेणं, तो बिचारा आधीच टेन्शनमध्ये असतो, खिडकीतनं जे दिसतं तेच तो गावी जाऊन सांगतो. मुलगी द्यायची म्हणून घर बघायला येणारे पाहुणेही तेच बघतात. कचरा टाकणारा एकटा असतो आणि नाव मात्र सगळ्या गावाचं जातं.

कुणाला विचारलं की उत्तर तयार असतं, "बाहेरचे लोक करतात." एकदा थांबून त्या ढिगात काय आहे ते बघा तरी. आपल्याच भडंगाची पाकिटं, आपल्याच मेडिकलची पिशवी आणि लग्नाच्या पत्रिका, त्यावर वधूपित्याचं नाव, कार्यालयाचा पत्ता आणि मोबाईल नंबरसुद्धा! बाहेरचा माणूस आपल्या पाहुण्यांच्या पत्रिका कशाला फेकायला येईल?

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण नुसतं "लोकांना शिस्त नाही" म्हणून विषय संपत नाही. कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या गेल्या आणि घंटागाडी आली, ती पद्धत चांगलीच आहे. पण गाडी यायची वेळ ठरलेली, नवरा-बायको दोघं कामाला, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला, घरात कोण नाही, मग ओला कचरा दिवसभर ठेवून वास मारतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जाताना पिशवी स्कूटरच्या हुकला अडकवायची आणि जिथं शहराची हद्द संपते न् ग्रामपंचायतीची सुरू होते त्या पट्ट्यात गाडीचा स्पीड कमी न करता सोडून द्यायची. तो पट्टा बरोबर निवडलेला असतो, कारण तिथं ना घर ना दुकान, ओरडायला कोण नाही आणि हा तुकडा नेमका कुणी उचलायचा हेच धड ठरलेलं नसतं. एक पिशवी पडली की दुसऱ्याची भीड चेपते, आठवड्यात ढीग होतो. हॉटेलवाले आणि चिकनवाले मात्र अंधार पडल्यावर टेम्पोच घेऊन येतात, त्यांचा विषय वेगळा आहे, त्यांच्यावर दया दाखवायचं कारण नाही.

अजून एक गोष्ट. ढिगात पाण्याच्या बाटल्या कमी असतात आणि चकचकीत पाकिटं जास्त, का माहितीये? बाटली भंगारात जाते, वेचणाऱ्या बायका ती सकाळीच उचलतात. कुरकुऱ्याचं किंवा गुटख्याचं पाकीट म्हणजे प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा थर, तो वेगळा काढणं परवडत नाही म्हणून भंगारवाला हातसुद्धा लावत नाही. म्हणजे ज्याला किंमत नाही ते तिथंच पडून राहतं, मग जनावरं खातात, नाहीतर कुणीतरी काडी लावतो आणि तो धूर पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या छातीत. आणि पाऊस आला की हेच सगळं वाहून गटारीत आणि ओढ्यात बसतं. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोका पातळी 45 ची, पुराचं पाणी येतं ते येतंच, पण पाऊस थोडा झाला तरी गल्लीत गुडघाभर पाणी साठतं ते कशानं?

बोर्ड लावून काही होत नाही हे आता सगळ्यांना कळलंय. "येथे कचरा टाकू नये" च्या बोर्डाखालीच ढीग असतो. मग भिंतीला देवाच्या टाईल्स बसवतात, तर कचरा देवापासून चार फूट सरकतो, एवढाच काय तो धाक.

आणि हे आपल्या जिल्ह्यात व्हावं याचंच जास्त वाईट वाटतं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली ज्यांनी सुरू केलं ते तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. आबा पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. तेव्हा तपासणी समिती येणार म्हटलं की गावंच्या गावं हातात खराटा घेऊन उतरायची, बक्षीस होतं म्हणून म्हणा, पण उतरायची. शेजारच्या जिल्ह्यातलं कराड 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं. तिथलं पाणी काय वेगळं आहे का, कृष्णाच की.

कायदा कमी नाही. घनकचरा नियमांत रस्त्यावर टाकणं आणि जाळणं दोन्हीला बंदी आहे, राज्याची प्लास्टिकबंदी 2018 ची, पहिल्या वेळेला 5000 रुपये दंड. पण पावती फाटते ती भाजीवाल्या मावशीची, टेम्पोवाल्याची फाटलेली निदान मी तरी बघितली नाही.

माझं म्हणणं एवढंच की हद्दीवरच्या या पट्ट्यांसाठी शहर आणि शेजारच्या ग्रामपंचायतींनी मिळून एक ट्रॅक्टर आणि चार माणसं ठरवून द्यावीत, खर्च वाटून घ्यावा. घंटागाडीची एक फेरी संध्याकाळी सातनंतर असावी, कामावरनं आलेल्यांसाठी. आणि मंगल कार्यालयांनी बुकिंगच्या वेळीच कचऱ्याचं डिपॉझिट घ्यावं, कचरा कुठं गेला ते दाखवल्यावर परत करावं. तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू होतो, त्याच्या आधी कार्यालयवाल्यांची एक मीटिंग कुणीतरी लावावी, आणि तुम्ही तिची बातमी आतल्या पानावर न टाकता पहिल्या पानावर घ्यावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली